आधी झाड, मग अळमी

हे लिहू की नको, असं करता करता पावणेदोन वर्षं गेली. शेवटी आईलाच फोनवर विचारलं. ती म्हणाली, "लिव गो. कोणाची तरी आवस वाचतली." म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं. कोकणातल्या मंडळींना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे पाऊस चांगला लागला की वारुळांवर अळमी येते. अळंबी. विदर्भातले लोक सात्या म्हणतात, गोव्यात अळमीच म्हणतात. वर्षातले मोजके दिवस. सकाळी उजाडायच्या आत जायचं, कारण शेजारणीलाही ती जागा माहीत असते. पानात गुंडाळून आणायची, माती झाडायची, कांदा, ओल्या खोबऱ्याचं वाटप आणि मालवणी मसाला घालून करायची. त्या दिवशी घरात कुणाला मटणाची आठवण येत नाही.

आई पहिल्यांदा इथे आली ती जुलैमध्ये. ऑगस्टमध्ये चार दिवस सलग पाऊस पडला. पाचव्या दिवशी सकाळी मी मीटिंगमध्ये होते आणि आईची मागच्या दारातून हाक आली. तिच्या आवाजात इतका आनंद मी बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता. बॅकयार्डमधल्या हिरवळीवर पांढऱ्या छत्र्या आल्या होत्या. ताटलीएवढ्या मोठ्या, देठाला कडं असलेल्या, वर तपकिरी खवले. आई वाकून एकेक काढत होती आणि म्हणत होती, "आमच्यासारखीच आसा गो! हुबेहूब!"

मला खरंच वाटलं की गाव आपल्या दारात आलं. मी फोटो काढले, मामेबहिणीला पाठवले. तिकडून बदाम आले. फ्रीजरमधलं खवलेलं खोबरं बाहेर काढलं. आईने तिच्या पद्धतीने परीक्षाही घेतली. किड्यांनी कडा खाल्ल्या होत्या, म्हणजे खायला हरकत नाही. लसूण टाकून उकळली, लसूण काळी पडली नाही, म्हणजे विषारी नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. रोज दहा गोष्टी गूगल करते. त्या दिवशी एकही केली नाही. आई साठ वर्षं अळमी काढतेय, तिला मी काय विचारणार?

नवरा कामासाठी टेक्सासला गेला होता. मुलांनी भाजीकडे बघून नाक मुरडलं आणि पास्ता मागितला. एरवी मी त्यांना रागावते. त्या दिवशी त्यांचं ते नाक मुरडणं देवासारखं धावून आलं.

जेवलो दीड वाजता. साडेतीनला आईला मळमळायला लागलं. मला वाटलं ॲसिडिटी. पावणेचारला मलाही. त्यानंतरचे दोन-तीन तास काय झालं, ते सविस्तर लिहीत नाही. माझा दहा वर्षांचा मुलगा दारात उभा राहून विचारत होता, "मम्मा, ९११ करू का?" एवढंच पुरे. शेजारच्या काकूंनी मुलांना नेलं आणि मी बाथरूमच्या फरशीवर बसून पॉयझन कंट्रोलला फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं: किती वाजता खाल्लं, किती वाजता सुरू झालं, वय किती, कच्चं मशरूम शिल्लक आहे का. एक मोठी छत्री सिंकजवळ राहिली होती. ती कागदी पिशवीत घालून बरोबर न्या, म्हणाले.

आई सदुसष्ट वर्षांची, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या. अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे तिला रात्रभर ठेवून घेतलं, सलाईन लावलं. मला मध्यरात्री सोडलं. सकाळपर्यंत उत्तरही मिळालं. ती छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घालून ठेवली होती, तर कागदावर हिरवट भुकटी पडली. मशरूमच्या पोटातली ही भुकटी म्हणजे त्याचे बीजाणू. हिरवट बीजाणू असलेलं, हिरवळीवर उगवणारं हे मशरूम म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. अमेरिकेत मशरूममुळे जितके लोक आजारी पडतात, त्यात सगळ्यात जास्त वेळा हेच असतं. कोवळेपणी खालून पांढरंशुभ्र दिसतं, हिरवी झाक मागाहून येते.

डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं, ते मी विसरलेले नाही. लवकर उलट्या झाल्या, हे तुमचं नशीब. खरी जीव घेणारी मशरूम सहा ते चोवीस तास काहीच कळू देत नाहीत. मग उलट्या-जुलाब होतात, मग माणसाला बरं वाटायला लागतं, आणि तोपर्यंत यकृत निकामी होत आलेलं असतं. ती मशरूमही पांढरीशुभ्र, सुंदर दिसतात. आमच्या भागातल्या जंगलात असतात. शिजवून त्यांचं विष जात नाही. लसूण, चांदीचं नाणं, किड्यांनी खाल्लेल्या कडा, यातल्या कशानेही ती ओळखता येत नाहीत.

आई दुसऱ्या दिवशी घरी आली. बिलाचं आणि विम्याचं जे झालं ते वेगळं रामायण, ते इथे नको. मला सांगायचंय ते पुढचं. आई परत मागच्या अंगणात गेली नाही. दोन महिने होती, गेलीच नाही. कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायलाही मला सांगायची. स्वयंपाकघरातही प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागली. "ह्या तेल घालू?" "ह्या पीठ चांगला आसा मां?" जिच्याकडे अख्खी वाडी कुठली पालेभाजी खायची ते विचारायला यायची, ती आई. मुलगा एकदा सहज म्हणाला, "आज्जी, यू पॉयझन्ड मम्मा." तो हसत होता. आईला इंग्रजी येत नाही, पण तेवढं कळलं. "ह्या माझ्या हातान झाला गो," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

ऑक्टोबरमध्ये ती परत गेली. तिला विमानतळावर सोडून आले आणि मला फार चीड आली. कशाची ते कळत नव्हतं. साठ वर्षांचं ज्ञान एका दुपारी खोटं कसं ठरतं?

त्याच महिन्यात मी इथल्या एका मशरूम क्लबच्या भटकंतीला गेले. खाण्यासाठी नाही, खरं तर भांडायला गेल्यासारखी. अमेरिकेत बहुतेक राज्यांत असे हौशी क्लब आहेत, नॉर्थ अमेरिकन मायकोलॉजिकल असोसिएशनच्या यादीत सापडतात. भटकंती घेणारे एक निवृत्त शिक्षक होते, सत्तरीच्या पुढचे. मी पहिलंच मशरूम उचलून त्यांच्यापुढे धरलं, "हे कुठलं?" त्यांनी मशरूमकडे बघितलंच नाही. विचारलं, "कुठल्या झाडाखाली होतं?"

मला सांगता येईना. त्यांनी मला परत त्या जागी नेलं आणि वर बघायला लावलं. मग म्हणाले, की नवखे लोक जंगलात खाली बघत चालतात, जुने लोक वर बघत. मशरूम जिवंत किंवा मेलेल्या झाडावर, त्याच्या मुळांवर, पालापाचोळ्यावर जगतं. प्रत्येकाचं ठरलेलं घर असतं. घर ओळखलं नाही तर पाहुणा ओळखता येत नाही.

मी तिथेच उभी राहिले. कारण हे मला माहीत होतं. लहानपणी आईच्या मागे पावसात जायचे तेव्हा ती अळमी शोधायचीच नाही. वारूळ शोधायची. कुठलं वारूळ जुनं, कुठल्यावर मागच्या वर्षी आली होती, कुठलं कुणी फोडून टाकलं, हे तिच्या डोक्यात नकाशासारखं असायचं. गवतात, शेणावर, लाकडावर किती छत्र्या दिसायच्या. त्यांना ती "कुत्र्याची छत्री" म्हणून ओलांडून जायची.

घरी येऊन वाचत बसले. आपली अळमी म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी ती वारुळाच्या आत शेती करावी तशी वाढवते. पाला-लाकूड चावून त्याचे पोळ्यासारखे वाफे करते, त्यावर ही बुरशी वाढते, आणि वाळवी तीच खाते. पाऊस लागला की त्याच वाफ्यातून छत्री वर येते. अशी बुरशीची शेती करणारी वाळवी फक्त आफ्रिका आणि आशियात आहे. अमेरिकेतली वाळवी घरं पोखरते, पण शेती करत नाही. म्हणजे ओहायोच्या हिरवळीवर आमची अळमी येऊच शकत नव्हती. वारूळच नाही, तर अळमी कुठून?

आईचा नियम पूर्णपणे बरोबर होता. आम्ही त्यातला अर्धाच बरोबर आणला. छत्री कशी दिसते ते आलं, वारूळ तिकडेच राहिलं. हे मी तिला त्या रात्री फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खरा गो. वारूळ खंय होता?"

त्यानंतर मी ठरवलं की मशरूमच्या नादाला लागायच्या आधी एक वर्ष झाडं शिकायची, आणि मुलांना बरोबर घ्यायचं.

झाडं शिकायला मार्च महिना उत्तम, हे मला आधी माहीत नव्हतं. पानं नसतात, त्यामुळे सालीवर आणि फांद्यांवरच ओळखावं लागतं, आणि जंगल आरपार दिसतं. आम्ही जवळच्या स्टेट फॉरेस्टमध्ये शनिवारी दोन-दोन तास जायला लागलो. मुलाला एक वही दिली. एका पानावर एक झाड: सालीवर कागद ठेवून पेन्सिलीने घासलेला ठसा, फांदीचं चित्र, जागेची खूण.

पहिलं झाड शिकलो ते एल्म. वर गेल्यावर फुलदाणीसारखं पसरतं. अमेरिकन एल्मच्या सालीचा पडलेला तुकडा आडवा मोडला तर आत पांढरट आणि तांबूस थर एकाआड एक दिसतात, चिरोट्याच्या पदरांसारखे. डच एल्म डिसीज हा बुरशीचा रोग ओहायोत १९३० साली सापडला, तेव्हापासून इथले एल्म मरतच आहेत. बिचारे जरा मोठे होतात आणि जातात. पण वसंतात येणाऱ्या मोरेल मशरूमचं हे आवडतं घर. मोरेल म्हणजे आपली हिमाचल-काश्मीरची गुच्छी, त्याच कुळातली. झाड मरायला लागलं की त्याच्या मुळांभोवतीची मोरेल जोरात वर येतात, एक-दोन वर्षं भरपूर, मग कमी. म्हणून नुकतं मेलेलं झाड शोधायचं. साल अजून अंगावर आहे, पण ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखी सुटायला लागलीय, अशा अवस्थेतलं. साल गळून खोड उघडं, गुळगुळीत झालं असेल तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

दुसरं ॲश. याची साल ओळखायला माझ्या धाकटीने मदत केली. ती म्हणाली, "हे झाड शंकरपाळ्यांचं आहे." खरंच, सालीवर चौकटी-चौकटी असतात. शिवाय फांद्या समोरासमोर फुटतात, एकाआड एक नाही. पण जिवंत ॲश आता दुर्मिळ. एमराल्ड ॲश बोअरर नावाचा हिरवा चमकता किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, पुढच्याच वर्षी ओहायोत आला. मूळचा आशियातला. सामानाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा असं मानतात. त्याने कोट्यवधी ॲश मारले. मेलेल्या खोडावर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक भोकं दिसतात. तोच किडा बाहेर पडल्याची खूण. मुलगा म्हणाला, "म्हणजे तो पण इमिग्रंट." मी म्हटलं, हो बाबा, पण आपण झाडं खात नाही.

तिसरं ट्यूलिप पॉप्लर, खांबासारखं सरळ वर जाणारं. त्याच्याखाली लहान आकाराची मोरेल येतात. चौथं सिकॅमोर, ओढ्याकाठी, वरचं अंग पांढरंफटक. जंगलात पाणी कुठे आहे ते दुरूनच सांगणारं झाड. पाचवं शॅगबार्क हिकरी, ज्याची साल लांब पट्ट्यांनी सुटून लोंबते. धाकटी त्याला "केस न विंचरलेलं झाड" म्हणते. आणि ओक. त्याच्याबद्दल शेवटी सांगते.

एक गोष्ट मुलांबरोबर जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी शिकायलाच हवी. मार्चमध्ये खोडाला चिकटून वर गेलेला, केसाळ दोरखंडासारखा वेल दिसला तर त्याला हात लावायचा नाही. तो पॉयझन आयव्ही. पानं नसतानाही त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. सालीचे ठसे घेणाऱ्या मुलांना हे आधी दाखवा. आणि एप्रिलपासून गोचीड. फिक्या रंगाच्या लांब पँट, मोजे पँटवर ओढलेले, घरी आल्यावर अंघोळ आणि काखा, गुडघ्यामागे, केसांत तपासणी. इथले हरणांवरचे गोचीड लाइम हा आजार देतात.

एप्रिल आला. मोरेलला जमीन साधारण ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० अंश सेल्सियस व्हायला हवी. आधी दक्षिणेकडच्या, उन्हाच्या उतारावर येतात, नंतर उत्तरेकडच्या. जंगलात मेॲपलची पानं छत्रीसारखी उघडायला लागली की वेळ आली समजायची. (ती फक्त बघायची. मेॲपलची पानं-मुळं विषारी असतात.) आमच्या वहीत अकरा एल्म होते. त्यातले चार "बरे" म्हणून खूण केलेले. पहिल्या शनिवारी काही नाही. दुसऱ्या शनिवारी काही नाही. मुलगा कंटाळला, "आपण झाडं चुकीची लिहिली असतील."

तिसऱ्या शनिवारी वहीतल्या सात नंबरच्या एल्मपाशी धाकटी बुटाची लेस बांधायला खाली बसली आणि ओरडली. पाचोळ्यातून मधमाशीच्या पोळ्यासारखी टोपी वर आलेली. मग आणखी एक. एकदा डोळा बसला की दिसत जातात. एकूण सात मिळाली. पाच घेतली, दोन ठेवली. आईची सवय. ती कधी सगळी अळमी काढायची नाही, आणि वारूळ तर कधीच फोडायची नाही.

तिथल्या तिथे खाल्ली नाहीत, हे सांगायला नको. गाडी थेट त्या क्लबच्या शिक्षकांकडे नेली. त्यांनी एकेक उभं चिरून दाखवलं. खरं मोरेल टोपीपासून देठापर्यंत आतून एकच पोकळ नळी असतं आणि टोपी खालच्या कडेला देठाशी जोडलेली असते. मेंदूसारखी वळ्यावळ्यांची टोपी आणि आत भरलेलं असेल तर ते खोटं मोरेल, विषारी. खरं मोरेलही कच्चं खायचं नाही. २०२३ मध्ये मोंटानातल्या बोझमन गावात एका रेस्टॉरंटमध्ये कच्ची आणि अर्धी शिजलेली मोरेल खाऊन ५१ माणसं आजारी पडली, दोघं गेली. आणि ती खरी मोरेल होती.

घरी आले. चार मोरेल तुपात चांगली शिजवली, एक कच्चं फ्रीजमध्ये नमुना म्हणून ठेवलं. पहिला तुकडा तोंडात घालताना हात थरथरला. नवरा म्हणाला, "नको असेल तर नको." मी खाल्ला. मुलांना दिलं नाही. ती मोठी झाली की ठरवतील. त्यांना खाण्यात नाही, शोधण्यात रस आहे, आणि मला तेच हवंय.

मग आईला व्हिडिओ कॉल लावला. मला भीती होती की ती घाबरेल, ओरडेल. मी मोरेल कॅमेऱ्यासमोर धरलं. कसं दिसतं, हे तिने विचारलंच नाही. म्हणाली, "झाड खंयचा?"

मुलाने वही कॅमेऱ्यापुढे धरली. आईने चष्मा लावला. साल सुटलेली का? उतार कुठल्या बाजूचा? शेजारी पाणी आहे का? पाऊस कधी पडला होता? मुलगा त्याच्या मोडक्या मराठीत उत्तरं देत होता. मग आई म्हणाली, "आता माझा लिहून घे, झिला." आणि तिने तिची वारुळं सांगितली. बावीच्या वरच्या बाजूला, फणसाच्या पलीकडे एक. देवळाच्या मागच्या पायवाटेला, काजूखाली एक, ते दोन पावसाळे एक जातं, तिसऱ्याला येतं. वहाळाच्या वळणावर एक मोठं होतं, ते रस्ता करताना गेलं. मी तिची मुलगी असून मला यातली दोनच माहीत होती. वहीच्या मागच्या पानावर आता सहा वारुळं आहेत. ओहायोच्या अकरा एल्मच्या वहीत. गेल्या आठ महिन्यांत आई पहिल्यांदाच न विचारता बोलत होती.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे या उन्हाळ्यात आई-बाबा येणार आहेत, त्यांच्यासाठी आमच्या घरातले नियम लिहिते. मी तज्ज्ञ नाही. ही पोस्ट वाचून कुणी मशरूम ओळखायला जाऊ नका.

१. अंगणात, पार्कात पांढऱ्या छत्र्या आल्या की आई-बाबांना आधीच सांगा. "खाऊ नका" एवढं पुरत नाही, कारण त्यांना वाटतं तुम्हाला काय कळतंय. "इथे वारूळ नसतं, म्हणून इथे आपली अळमी येत नाही" असं सांगा. हे त्यांना पटतं, कारण हे त्यांचंच आहे.

२. काही पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट बघू नका. अमेरिकेत पॉयझन कंट्रोल १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, फुकट. दुभाषा मागता येतो. माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वास घेता येत नसेल तर थेट ९११. उरलेलं मशरूम कागदी पिशवीत ठेवा, फेकू नका.

३. फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपच्या भरवशावर काही खाऊ नका. ज्याने हजारदा हाताळलंय अशा माणसाने प्रत्यक्ष बघायला हवं.

४. जागेचा नियम आधी विचारा. ओहायोत बहुतेक स्टेट पार्क आणि स्टेट फॉरेस्टमध्ये घरापुरती मशरूम घेता येतात, स्टेट नेचर प्रिझर्व्हमध्ये नाही. स्थानिक पार्कांचे नियम वेगळे. लंडनजवळच्या मंडळींनी लक्षात ठेवा, एपिंग फॉरेस्टमध्ये तोडायला बंदी आहे.

५. रस्त्याच्या कडेची, औषध फवारलेल्या हिरवळीवरची आणि जुन्या सफरचंदाच्या बागांतली मशरूम घेऊ नका. त्या बागांवर पूर्वी शिसं आणि आर्सेनिक असलेलं औषध मारायचे, ते मातीत अजून असू शकतं.

६. मुलांना झाडापासून सुरुवात करून द्या. एक झाड, एक पान, एक ठसा. त्यात धोका नाही, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

आता ओकचं. मागच्या सप्टेंबरमध्ये आम्हाला वहीतल्या एका जुन्या, जाड ओकच्या बुंध्याशी हेन ऑफ द वुड्स सापडलं. करड्या पिसांच्या कोंबडीने पंख पसरून बसावं, तसं दिसतं. जपानी लोक त्याला माइताके म्हणतात, इथल्या दुकानातही मिळतं. ते जुन्या ओकच्या मुळांशी येतं आणि बऱ्याचदा त्याच झाडाशी पुन्हा येतं. शिक्षकांनी खात्री करून दिल्यावर आम्ही थोडं घेतलं. मुलाने त्या ओकच्या पानावर मोठ्ठी चांदणी काढली आणि मराठीत लिहिलं: "आज्जीचं वारूळ". स्पेलिंग चुकलंय, मी दुरुस्त केलं नाही.

आईचं सप्टेंबरचं तिकीट काढलंय. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. तिने विचारलं, "त्या झाडापर्यंत चलाक किती?" मी म्हटलं, वीस मिनिटं, वाट सपाट आहे. "मगे ठीक," म्हणाली.

ओकपाशी त्या वेळी काही आलेलं असेलच असं नाही. नसलं तर झाड तरी बघेल.

तुमच्या गावात अळमीला काय म्हणतात, आणि तुमच्या आई-आजीने ती कुठे शोधायची हे कसं सांगितलं होतं, ते खाली लिहा. नाव नुसतं नको, जागा पण लिहा. आणि ही पोस्ट त्या सगळ्यांपर्यंत पोचवा, ज्यांच्या घरी या पावसाळ्यात कुणी येणार आहे.